बाथरूममध्ये न मोडलेला हात

भरे, ता. मुळशी, जि. पुणे
गुरुवार, १६ एप्रिल

तीर्थरूप अभयमामा यांस,

गौतमीचा सविनय जय भीम.

विचारपूस खाली केली आहे. आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते, कारण क्रम सुटला की मलाच ते खरं वाटत नाही.

१. १ ते १५ मार्च : गावच्या उद्यानाच्या सुधारणेसाठी मी १३० घरांतून फॉर्म भरून घेतले.
२. बायकांचे फॉर्म ६८. त्यांपैकी ६१ फॉर्मांत ‘इतर सूचना’ या रकान्यात एकच ओळ आढळली : जागेभोवतीचे पत्रे काढू नका.
३. २३ मार्च, दुपारी ३ वाजून १० मिनिटं : मी पत्र्यांच्या आत गेले.
४. ६ एप्रिल, दुपारी ३ वाजून ४० मिनिटं : आईचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवडे.
५. ते बाथरूममध्ये मोडलं नाही.
६. १ मे रोजी ग्रामसभा आहे.

आता विचारपूस. तुमचा गुडघा कसा आहे? शुभांगीमामींची साखर कितीवर आली? तुम्ही फलटणहून पाठवलेलं बाथरूमचं स्टूल सोमवारी मिळालं. मजबूत आहे. आई त्याच्यावर बसून शेंगा सोलते.

बाथरूमबद्दल थोडं लिहायला हवं. आईने दवाखान्यात ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असं सांगितलं आणि बाबांनी त्यावर पूर्ण विश्वास ठेवला. (बाबा तीस वर्षं पिरंगुटच्या कंपनीत स्टोअर सांभाळत होते. नोंद झाली म्हणजे वस्तू आहे, असं ते मानतात.) त्यांनी पहिल्या दिवशी दोन रबरी चटया आणल्या, दुसऱ्या दिवशी भिंतीला स्टीलचा दांडा बसवला, तिसऱ्या दिवशी बल्ब बदलला. मग ते आईला विचारू लागले, नक्की कुठल्या फरशीवर पाय घसरला. आई दर वेळी वेगळी फरशी दाखवते. त्यामुळे त्यांनी सगळ्याच फरश्या बदलायला घेतल्या आहेत आणि गेले चार दिवस आम्ही शेजारी आंघोळीला जातो. तुमच्यासकट अकरा नातेवाइकांनी फोनवर सल्ले दिले. आईने सगळे गंभीरपणे ऐकून घेतले. इतकं सराईत खोटं बोलणारी बाई माझ्या घरात माझ्या जन्मापासून सव्वीस वर्षं आहे, याची मला कल्पना नव्हती.

माझं काम तुम्हाला माहीत आहे, तरी मामी ‘झाडं लावते’ असं सगळ्यांना सांगतात म्हणून पुन्हा लिहिते. आमची पुण्याची संस्था मोकळ्या जागांचे आराखडे करते. कुठे काय बांधायचं आणि तिथे लोकांसाठी कुठल्या वेळी कुठले कार्यक्रम ठेवायचे, दोन्ही. यंदा यादीत भरे आलं. मी साहेबांना म्हटलं, हे माझं गाव आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, उलट बरं, दुपारचं जेवण घरी होईल.

जागा म्हणजे नव्या सोसायटीच्या पूर्वेची, बिल्डरने पंचायतीच्या ताब्यात दिलेली. तिच्याभोवती त्याचेच आठ फुटी पत्रे आहेत, गंजलेले. माझ्या अहवालातली पहिली शिफारस होती : पत्रे तातडीने काढावेत, आरपार दिसणारं बुटकं रेलिंग लावावं, म्हणजे बायकांना सुरक्षित वाटेल. हे मी बायकांना न विचारता लिहिलं होतं, कारण पुस्तकात तसंच आहे. मग ६१ फॉर्म आले. एकच मागणी ६१ वेळा आली की आम्हाला ती चूक आहे असं समजायला शिकवतात : कुणीतरी एकाच बैठकीत बसून फॉर्म भरले असणार. पण अक्षरं वेगवेगळी होती. एका ठिकाणी अंगठा होता. मी पाहणीचा तक्ता पुन्हा काढला. मी माणसं मोजली होती सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात. दुपारच्या रकान्यात, उन्हात कोण येणार असं धरून, मी न जाता शून्य लिहिलं होतं. (हे साहेबांना अजून सांगितलेलं नाही.)

म्हणून २३ मार्चला मी मोजपट्टी घेऊन दुपारी गेले. दोन पत्र्यांमध्ये एक फट आहे, तिच्यावर पोतं टांगलेलं होतं. ते बाजूला करून आत गेले तर चुन्याने आखलेलं मैदान. बारा मीटर बाय आठ मीटर, चारही कोन काटकोनात. तीनच्या सुमारास सोसायटीच्या सात मजली इमारतीची सावली बरोबर एवढ्या जागेवर येते, आणि इमारतीच्या त्या बाजूच्या भिंतीला एकही खिडकी नाही. ज्या कुणी ती जागा निवडली तिने माझ्यापेक्षा चांगलं काम केलं आहे. कडेला चाळीसेक बायका बसल्या होत्या, काही मेथी निवडत. मैदानात साड्या वर खोचलेल्या, अनवाणी बायका. आणि त्यांच्यापैकी एक, वाकून, हात पसरून, ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत माझ्याच दिशेने येत होती. ती माझी आई होती.

मामा, तिने मला पाहिलं. डोळ्याला डोळा भिडला. पण दम सोडला नाही. माझ्याकडे बघत बघत तिने उजवीकडच्या दोघींना बोटं लावली, उलटी फिरली, मध्यरेषा ओलांडली, आणि मगच श्वास घेऊन म्हणाली, “डबा विसरलीस का काय?” मी हातातली मोजपट्टी बंद केली. बाजूच्या दगडावर तुळजाबाई बसल्या होत्या. (वय बहात्तर. त्या पंच आहेत. त्यांचा निकाल फिरत नाही, कारण त्यांना कमी ऐकू येतं.) त्या म्हणाल्या, “ए बाय, रेषंवरनं बाजूला हो. मोजायचं आसंल तर मागनं मोज. लई रंगात आलाय डाव.”

नंतर कळलेलं असं. हे दीड वर्ष चालू आहे. खेळणाऱ्या सोळा, बाकीच्या पंचेचाळीस बघायला येतात. बाप्ये तेव्हा कामावर किंवा झोपेत, पोरं शाळेत. एकसष्ट जणींनी दीड वर्ष एक गोष्ट बाहेर पडू दिली नाही. आमच्या ऑफिसात तिघांत ती दोन दिवस टिकली नसती. आमच्या वस्तीतल्या बायका आहेत, वरच्या आळीतल्या आहेत, सोसायटीतल्याही आहेत. अकोल्याची मृण्मयी एका कंपनीत घरूनच काम करते. ती मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून येते, दोन चढाया करते आणि म्हणते, “चला, माझं नाव घेतील आता,” की गेली. उजव्या कोपऱ्यावर कल्पनाकाकू असतात. त्यांनी एकदा पकडलेली बाई सुटत नाही. त्या दादासाहेबांच्या पत्नी.

दादासाहेब पंचायतीचे सदस्य. त्यांना त्या जागेत कारंजं हवं आहे, तेही गाण्यावर नाचणारं. मी त्यांना महिलांच्या गरजेबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, “बायकांना बाकडी द्या की. आमच्या हिला इचारा, चार पावलं चालली की गुडघं धरून बसती.” त्या गुडघ्यांनी आदल्या दिवशी काय केलं होतं ते मी पाहिलं होतं. मी बाकांची संख्या लिहून घेतली : बावीस.

आता मुख्य अडचण. पत्रे बिल्डरचे आहेत आणि तो ते मेमध्ये नेणार आहे. एकसष्ट काय, सहाशे जणींनी लिहिलं तरी ते जाणार. त्यानंतर त्या जागेत एक तर आखीव मैदान होईल आणि दुपारचा तास बायकांच्या नावाने राखून ठेवता येईल, नाहीतर कारंजं. मधला मार्ग नाही, मी तीन नकाशे काढून पाहिले. साहेब म्हणतात, कागदावर वापर शून्य आहे. (ते शून्य माझंच.) ग्रामसभेत खेळणाऱ्यांनी स्वतः उभं राहून मागणी नोंदवली तरच आराखडा बदलता येईल.

म्हणून मी पत्र्यांच्या आत सभा घेतली. तुळजाबाई म्हणाल्या, “पत्रा गेला तर माजा ल्योक बगंल. सोसायटीच्या गेटावर हाय त्यो. आय कबड्डी खेळवती म्हनून त्याला चिडवत्याल.” मृण्मयी म्हणाली तिचे मॅनेजर याच सोसायटीत राहतात, येता-जाता बघतील. कल्पनाकाकू पदराने मान पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “चंद्रकला, तुजी आय, उभी ऱ्हायली, तर मी ऱ्हाते. मग बगू कारंजं कसं नाचतंय ते.” त्यावर बाकीच्याही, एकेक करत, हो म्हणाल्या. सगळ्या आईकडे बघू लागल्या. आई म्हणाली, “मला जमायचं न्हाई.”

मला धक्का बसला तो खरा इथे. अंगणवाडी सेविका असताना तिने तहसीलदारांना चूक दाखवून दिली होती. परवा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ती पुढे होती, आणि लाऊडस्पीकरवाल्याला दोनदा रागावली. ती ग्रामसभेला भिते हे मला पटेना. घरी येऊन तीन दिवस विचारत होते. तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं.

तुमची आठवण वेगळी असेल तर कळवा. आईच्या सांगण्यानुसार साल १९८८, तिचं वय वीस. जिल्ह्याच्या संघात तिचं नाव लागलं होतं. त्याच आठवड्यात बाबांचं स्थळ आलं. तुम्ही तिला अंगणात बोलावून म्हणालात, “कला, आता चारचौघांत खेळायचं नाही. शब्द दे.” तिने दिला. मी विचारलं, मुदत किती ठरली होती? ती म्हणाली, शब्दाला कसली मुदत. मी म्हटलं, मग दीड वर्ष काय चाललंय? ती म्हणाली, “पत्र्याच्या आत चारचौघं कुठं हायेत? बायकाच तर हायेत.” म्हणजे ते गंजके पत्रे माझ्या दृष्टीने धोकादायक बांधकाम होतं, आणि तिच्या दृष्टीने अडतीस वर्षांपूर्वी दिलेला शब्द पाळायची सोय.

तुम्ही पुढे बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत कबड्डी शिकवलीत. तुमच्या दिवाणखान्यातले विजयी संघांचे फोटो मी लहानपणापासून बघते, साधारण दीडशे मुली असतील. फलटणला आलो की आई त्याच भिंतीसमोर बसून चहा घेते. ती पंख्याखालची जागा आहे म्हणून, असं मी आजवर समजत होते.

असो. तुम्ही जाणकार आहात, म्हणून मैदानाचा नकाशा सोबत पाठवते. आखणी नियमाप्रमाणे आहे का आणि माती किती खोल भुसभुशीत करावी, एवढं कळवावं. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
गौतमी

ता. क. १ : मातीची खोली मला माहीत आहे. पत्र त्यासाठी नाही. मला तुमची ना-हरकत हवी आहे, लेखी आणि सहीची. आईच्या खेळण्याला तुमची परवानगी लागावी, असं माझं मत नाही. तिचं आहे, आणि उभं तिला राहायचं आहे. मजकूर असा असावा : ‘कला, तू चारचौघांत खेळ. माझी हरकत नाही. तेव्हाही नसायला हवी होती.’ शेवटचं वाक्य ऐच्छिक आहे. मजकूर कमी केलात तरी चालेल, वाढवू नका. विशेषतः ‘जपून’ हा शब्द घालू नका. फोन करू नका, कारण फोनवर ती ‘बरं बरं’ म्हणते आणि काही बदलत नाही. व्हॉट्सॲपही नको. मामी ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतील आणि बाबांच्या फरश्या अर्ध्या बसवून झाल्या आहेत.

ता. क. २ : ६ एप्रिलच्या डावात आईचा घोटा धरणारी कोण, हे तिने दवाखान्यात, घरी, कुठेच सांगितलेलं नाही. मी धरला होता. त्या दिवशी मृण्मयीची मीटिंग लांबली आणि एक बाई कमी पडली. (मी त्याआधी आठ दिवस खेळत होते. वापरणाऱ्यांची गरज समजून घेण्यासाठी, असं मी रोजनिशीत लिहिलं आहे.) ती पडली ती मध्यरेषेकडे हात टाकून. तुळजाबाईंनी तिचा हात पोहोचला असं ठरवून मला बाद दिलं. हात चार सेंटिमीटर कमी पडला होता, मी सगळ्यांत जवळ होते. मी हरकत घेतलेली नाही.

ता. क. ३ : ग्रामसभेच्या यादीत विषय २७ तारखेला जातात. तुमचं उत्तर शनिवार, २५ एप्रिलपर्यंत हातात मिळावं. पाकिटावर माझं नाव घालू नका, आईचं घाला.