'बंडूजी अंतिम'

पिपरी मेघे, सोमवार

आदरणीय बंडूजी भाऊजी यांना साळ्याचा वाकून नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमची संत्रीबाग, गोपिकाताईचे गुडघे आणि तुमच्या छातीतली ती 'गॅस'ची कळ कशी आहे? (फोनवर हा प्रश्न आला की तुमची रेंज जाते, म्हणून पत्र.)

माझ्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर नवी सोय बसवली आहे. फाइलचं नाव टाइप करायला घ्यावं, तर दोन अक्षरांतच सगळ्या फोल्डरांतली यादी हजर. देवही इतक्या लवकर हाकेला धावत नाही. नाहीतर आमचा डिझायनर तानबा (दिवाळीत गेला बिचारा) कुठे काय ठेवायचा, त्यालाच ठाऊक. शिस्त एकच होती, पक्क्या झालेल्या बॅनरच्या नावापुढे 'अंतिम' लिहायचं.

परवा शेजारच्या आनंदाबाई वाढदिवसाचा जुना बॅनर पुन्हा छापून मागायला आल्या. 'आनं' टाइप केलं, 'आनंदाबाई अंतिम' आलं, उघडलं. हार घातलेला फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', जन्मतारीख भरलेली, मृत्यूची जागा कोरी. आणि बाई समोर सुपारी कातरत उभ्या. "काऊन रे धनंजय, घाम काऊन फुटून राह्यला तुले?" म्हणाल्या. मी स्क्रीनच बंद केला.

त्या गेल्यावर एकेक नाव टाकत गेलो. नानाजी, बाबाराव, कमला, सगळे हिंडते-फिरते आणि सगळे हारात. मग आठवलं, तानबा एकदा म्हणाला होता, "आपल्या माणसाचा बॅनर रडत रडत बनवता येत नाई, भाऊ." जीव लावलेल्यांचे त्याने आधीच करून ठेवले होते. मला भडभडून आलं. (माझं नाव टाकलं, तर काहीच नाही. बारा वर्षं एका डब्यात जेवलो!)

शेवटी तुमचं टाकलं. आलं. (दर वर्षी त्याला संत्री धाडायचात ना!) पण भाऊजी, तुमची जागा कोरी नाही. येत्या शुक्रवारची तारीख आहे.

आपला,
धनंजय

ता. क. घाबरू नका. तारीख मी रचली, जागा कोरीच आहे. ताई रडून म्हणाली, "यायले कसंबी करून दवाखान्यात ने रे." गुरुवारी या, सावंगीच्या दवाखान्यात सोबत जाऊ.

ता. क. २ खात्री पटावी म्हणून तुमचा कोरा बॅनर छापून सोबत जोडणार होतो. आत्ता कागद हातात आहे. तारीख आहे. शुक्रवारची नाही, उद्याची. मी भरलेली नाही. पत्र एसटीच्या ड्रायव्हरजवळ देतो आहे, त्याच्याच गाडीत बसून या.