विहीणबाईसाठी वाजवलेल्या टाळ्या

प्रिय श्रावणी,

अमरावतीच्याच कॉलेजात तुझा नंबर लागला, हे मी आपल्या फुलाच्या दुकानावर येणाऱ्या एकाएका बाईले सांगून राहिली. हार घ्यायले आलेलीले आधी पेढा, मंग हार. फोनच केला असता, पण फोन लागला की तुझी अकोल्याची आजी बाजूले कान लावून बसते.

तर त्या दिवशीचा तुझा अकोल्यातला सत्कार. क्लासवाल्यांनी तुले बोलायले लावलं आन् तू फडाफडा इंग्रजीत बोलली. मी तिसरी शिकलेली, मले 'ग्रँडमदर' तेवढं समजलं. ग्रँडमदर मॅग्नॅनिमस आहे म्हणे! तुझ्या बाबाची आई मी, पदर सारखा केला आन् सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. पाहते तर लोक तुझ्या आईच्या आईकडे, सत्यभामाबाईकडे पाहून राहिले. विहीणबाई लाजून खाली मान घालून, आन् मी वाजवतच होती. मधातच थांबणार कशी?

ऑटोत तू फोड करून सांगितली. लॅटिन नावाची जुनी भाषा, तिच्यात मॅग्नस म्हंजे मोठा, ॲनिमस म्हंजे मन. जोडले की मोठ्या मनाची. आन् इंग्रजीत तोच ॲनिमस एकटा आला तर त्याचं वैर होते म्हणे. मी बाहेरच्या पाट्या पाहत बसली. तू दोन वर्षं विहीणबाईजवळ राहिली, तुझ्या अभ्यासापायी तिनं टीव्ही लावला नाही, म्हणून मोठं मन! मी बी लावला नसता. तुले कुठं ठेवावं, मले विचारलं कोणी? आता तर वांग्याचं भरीतबी तुले तिच्याच हातचं गोड लागते. जाऊ दे. आता तू इथं येशीन, म्हंजे जिंकली मीच, असं मनात घोकत होती.

पण त्या संध्याकाळी तू मैत्रिणीकडे गेली, तवा सत्यभामाबाई तुझी बॅग भरत होत्या. एकच ओढणी घडी करत, मोडत, पुन्हा घडी करत. मले म्हणाल्या, मैनाबाई, पोरगी पंखा फार जोरात करून झोपते, मधात उठून कमी करत जा. एवढं बोलून स्वयंपाकघरात गेल्या, त्या लवकर बाहेर आल्याच नाहीत.

म्हणून हे लिहून राहिली. येशीन तवा त्यांलेबी घेऊन ये. चार दिवसासाठी म्हणून आण, नाहीतर त्या यायच्या नाहीत. हार गुंफायले माणूस पाहिजे म्हणून सांग. मी बोलावलं असं सांगू नको. एकदा आल्या की मी जाऊ देत नाही. खाट मात्र तुझी माझ्याजवळ राहीन. त्यांची पल्याड, भिंतीकडं.

तुझीच, फक्त तुझीच,
मैनाआजी