इराचं पुरण

१८ फेब्रुवारी, मंगळवार
इराचा रिपोर्ट आला. फ्रुक्टोज पचत नाही. म्हणजे पोटदुखी हे शाळा टाळायचं निमित्त नव्हतं. सध्या साखर, गूळ, मध, खजूर सगळं बंद; नंतर थोडं थोडं देऊन बघायचं. 'साखर विष, गूळ अमृत' असं मी इथल्या हॅम्बर्गच्या मराठी मंडळात किती वेळा गरजले असेन. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही एका दमात उच्चारले.
सासूबाई पुण्याहून आल्यात, त्यांना पटत नाही. "गुळानं कधी कुणाचं पोट दुखलंय?" मी नुसता रिपोर्ट पुढे केला, भाषणाशिवाय. असं फारसं होत नाही.
इराने एवढंच विचारलं, जर्मनमध्ये: होळीला माझं ताट वेगळं असणार? म्हटलं, नाही. पुरणपोळीच, सगळ्यांसारखी. शब्द देऊन बसले.

२२ फेब्रुवारी, शनिवार
बिओ-लाडेनमधून, म्हणजे सेंद्रिय मालाच्या दुकानातून, राइसझिरुप आणलं. तांदळाचा पाक, फ्रुक्टोज नाही. शेजारच्या बाटलीत अगावेचा, म्हणजे घायपाताचा, पाक, 'नैसर्गिक' म्हणून मिरवणारा; इरासाठी सगळ्यांत वाईट तोच. तांदळाच्या पाकाची गोडी साखरेहून कमी, उशिरा येते, रेंगाळत नाही. सासूबाईंनी चमचा चाटून नावच ठेवलं, "तांदळाची काकवी."
ओट्याशी उभी राहून बरंच बोलले. शुद्ध, सौम्य, पोटाला हलकं वगैरे. नवरा, म्हणजे अभि, म्हणाला, "आल्झो, मग टाळ्या वाजवायच्या का आता?"

२७ फेब्रुवारी, गुरुवार
पुरण बिघडलं. गूळ वितळतो आणि पुन्हा आळतो. हा पाक आळतच नाही. गोडी कमी म्हणून जास्त घालावा, तर पातळ. पोळ्या फुटल्या, तवा चिकट. इराने तुकडे चमच्याने खाल्ले, कुरकुर न करता. तेच जास्त लागलं.
सासूबाई: "डाळ आधी कोरडी होऊ दे गं. आणि थोडं बेसन भाजून घाल." दुसऱ्यांदा जमलं.

३ मार्च, सोमवार
सासूबाईंची शुगर चढली. अभि: "आई, काय खाल्लंस?" "काही नाही रे. चहात मीनलची काकवी."
शुद्ध म्हटलं होतं ना मी. वाचत बसले. फ्रुक्टोज नाही हे खरं, पण जे आहे त्याचं पोटात ग्लुकोजच होतं, आणि रक्तात लगेच उतरतं. नातीला चालतं ते आजीला बाधतं. ओट्याशी हे सांगायचं राहिलं होतं; आज सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोलतेस छान. ऐकता ऐकता कप रिकामा होतो."
त्यांचा चहा आता बिनगोडाचा.
पाडव्याला मंडळात माझं भाषण आहे. विषय मीच कळवलाय: सर्वांत निरोगी गोड कोणतं? बदलायला हवा. कशाने, ते...

१३ मार्च, गुरुवार, होळी
सकाळीच दोन पुरणं करून ऑफिसला गेले होते. एक गुळाचं, एक इराचं. गार झाल्यावर अभिने डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवली. डबे म्हणजे आपले नेहमीचे, दह्याचे, धुऊन जपलेले, सगळे एकसारखे. इथला गूळ पिवळाधमक, दोन्हींत केशर. संध्याकाळी कोणतं कुठलं ते कळेना.
अभि: "वाटलं, तुला ओळखू येईल."
मी चमचा उचलला. सासूबाईंनी हात धरला. नैवेद्याआधी चाखायचं नाही. त्या तर मीठही बघत नाहीत, अंदाजाने घालतात. या नियमावर माझं एक अख्खं भाषण आहे, ओठांपर्यंत आलंही. दारात इरा, रिकामं ताट छातीशी धरून.
"अहो आई, चुकीचं पोटात गेलं तर..."
"कळतंय मला. तू थांब. तू चाखलंस की त्याचं व्याख्यान होईल."
स्वतः चिमूट उचलून तोंडात टाकली. डोळे मिटून चघळत राहिल्या. मग, "उशिरा गोड लागतंय. हे इराचं."
दुसरा डबा उष्टावलेला नव्हता. नैवेद्याला तो घेता आला असता. त्यांनी तो परत फ्रिजमध्ये ठेवला आणि इराच्या पुरणाची पोळी लाटली. तीच देवापुढे, तीच सगळ्यांच्या ताटात. स्वतः प्रसादापुरता कण. देवाला काय सांगितलं कोण जाणे, ओठ हलत होते.
इराने पोट भरेपर्यंत खाल्लं.

१४ मार्च, शुक्रवार
इरा हसत शाळेत गेली.

३० मार्च, रविवार, पाडवा
बाल्कनीत गुढी, बाहेर भुरभुर. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, आता अगदी थोडा गूळ देऊन बघा. सासूबाईंनी पुण्याहून वाळवून आणलेला कडुलिंब, त्यात हरभऱ्याएवढा गूळ कालवला. इराने तोंड वाकडं केलं. "आजी, बिटर." पण गिळलं. त्रास व्हायचाच तर काही तासांनी होतो.
भाषणाला निघायचंय. विषय बदलून कळवलेला नाही. 'कुणासाठी विचारताय?' एवढं पहिलं वाक्य सुचलंय, पुढचं नाही.
सोफ्यावर इरा, पोटावर हात. तिच्या हातावर आजीचा. मी कोट घालून दाराशी उभी.
अभि म्हणाला, "तू जा, आम्ही आहोत."
कोट काढून ठेवला. भाषणाचं जरा वेळाने बघू.