कोपऱ्यातला हिरवा डाग

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो, पण माझा आवाज ऐकला की तू आधी भावोजींच्या नावानं बोटं मोडतेस, मी मुकाट ऐकून घेतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. दोनदा असंच झालं. लेकीकडे आहेस, नात अंगाखांद्यावर खेळत असेल, तरी हे पत्र जरा बाजूला, एकटी बसून वाच. आणि पूर्ण वाच. मध्येच चिडून टाकून देऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

परवा तुमच्या क्वार्टरवर गेलो होतो. दार उघडंच. भावोजी आत टेबलावर घोंगडी अंथरून युनिफॉर्मला इस्त्री करत होते. कामावरून घरी बसवलेल्या माणसाला युनिफॉर्म कशाला लागतो, असं मी विचारणार होतो, पण त्यांनीच सांगितलं की सोमवारी चौकशी आहे, चुरगळलेल्या कपड्यांत गेलं तर बरं दिसत नाही. तू गेल्यापासून घरात एकच पातेलं वापरात आहे. त्यातच दूध, त्यातच भात. खिडकीतल्या झाडांना मात्र पाणी वेळेवर पडतंय. सोमवारी साहेबांच्या मनात आलं तर नोकरी जाईल, आणि नोकरीबरोबर घरही. निवृत्तीला उरलेत किती दिवस? हा माणूस कॉलरची टोकं दाबत बसला होता आणि मला विचारत होता की माझ्या कॅमेऱ्याची नवीन लेन्स कशी चालते.

तुला आठवतं, मला गाड्यांचं वेड तूच लावलंस. मी रडायला लागलो की पुलावर न्यायचीस, आणि खालून गाडी गेली की मी गप्प. पुढं तुझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा स्टेशनमास्तर आहे म्हटल्यावर मी घरभर नाचलो, आणि लग्न माझं आहे की तुझं, असं तू मला सगळ्यांसमोर विचारलंस. खरं सांगायचं तर तेव्हापासून मी त्या माणसाला लुटतोच आहे. जुन्या दगडी वेटिंग रूमची किल्ली त्यांच्याकडून, माळ्यावरचे जुने कंदील त्यांच्याकडून, कुठलं इंजिन कधी येणार ही बातमी त्यांच्याकडून. मेहुण्याचे लाड म्हणून तू हसायचीस. मीही तो माझा हक्कच समजत आलो.

जुन्या इंजिनाची ती खास गाडी सकाळी आपल्या स्टेशनातून न थांबता जाणार, हेही त्यांनीच कळवलं होतं. मी काढलेल्या तिच्या फोटोचं पुढं काय झालं ते तुला ठाऊक आहे. स्पर्धेत पहिलं बक्षीस आलं, रेल्वेच्या कॅलेंडरवर फोटो छापला गेला, आणि तू ते कॅलेंडर शेजारीपाजारी मिरवून आलीस. बिडाचे नक्षीदार खांब, लाकडी झालर, धुक्यातून वर चढणारा धूर, आणि अख्ख्या प्लॅटफॉर्मवर चिटपाखरू नाही. आम्हा छंदवाल्यांना असाच फोटो लागतो. माणूस नको. एक बॅगवाला बाजूला होईपर्यंत आम्ही तासभर तिष्ठत बसतो, वर त्याच्याच नावानं कुरकुरतो. आणि फोटोखाली गाडी, तारीख, वेळ सगळं चोख लिहायचं, हा आमचा दुसरा तोरा. तेवढं वाचून मुख्य कचेरीतल्या एका साहेबांनी विचारलं की गाडी भरधाव चालली आहे, मग हिरवा झेंडा घेऊन उभा राहायला हवा तो स्टेशनमास्तर कुठे आहे? ड्यूटी कोणाची होती ते शोधायलाही लागलं नाही. मीच लिहून दिलं होतं ना!

भावोजींनी लेखी कळवलं की आपण आत चहा करत होतो, बाहेर यायला उशीर झाला. झालं. कपभर चहापायी यांनी आयुष्यभराची नोकरी घालवली म्हणून तू त्यांना सगळ्यांदेखत फाडून खाल्लंस आणि बॅग भरलीस. मी तिथंच सोफ्यावर बसलो होतो, ताई. मूग गिळून बसलो होतो. तू तर मला म्हणालीस की बाबा रे, तू तरी यांना समजाव.

ते आत नव्हते. नेहमीच्या जागी, नेहमीसारखे, झेंडा घेऊन उभे होते. गाडीची शिटी ऐकू आली आणि मी पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरून ओरडलो, "भावोजी, जरा खांबाच्या मागे व्हा ना, फ्रेममध्ये येताय!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकदा गाडीच्या दिशेनं पाहिलं, आणि झाले मागे. तिथून त्यांनी हात लांब करून शेवटचा डबा जाईपर्यंत झेंडा दाखवला. गार्डनं तो पाहिला असणारच. पण माणूस स्वतःच कबूल करून मोकळा झाल्यावर गार्डला कोण विचारतंय?

एवढंच असतं तरी मी तुला तोंड दाखवलं असतं. मूळ फोटोत तो झेंडा आला होता. खांबाच्या कडेला, हाताच्या पंजासकट, अगदी स्वच्छ. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला तेव्हा मला तो कोपऱ्यातला हिरवा डाग वाटला, ताई. डाग! छान फोटो नासवला म्हणून भावोजींवर चरफडलो, आणि चहा पिता पिता तो पुसून टाकला. फोटोत फेरफार चालणार नाही असा स्पर्धेचा नियम होता, त्याखाली मी सही केली होती. म्हणजे त्यांच्यावर जे बालंट आलंय ते मी माझ्या हातानं, घरात बसून तयार केलंय.

चौकशीचं कळल्यावर मी मूळ फोटो घेऊन त्यांच्याकडे पळालो. त्यांनी तो पाहिला, आणि पहिलं काय म्हणाले असतील? झेंडा बरोबर आडवा धरलाय की नाही बघ. मग मला बसवून सांगितलं की तुझ्याकडे त्या दिवशी स्टेशनात फोटो काढायचा परवाना नव्हता, केस झाली तर तुझीही सरकारी नोकरी जाईल. "माझी संपतच आलीये, तुझी पोरं शिकायचीत. आणि तुझ्या ताईला यातलं काही कळता कामा नये. तिचा तुझ्यावर फार जीव आहे." मी नाही म्हणायला हवं होतं. मी मान डोलावली. वर घरी जाताना हायसं वाटलं, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

आज दुपारी मात्र कचेरीत जाऊन मूळ फोटो आणि माझा जबाब देऊन आलो. बक्षीस परत केलंय, केस होईल ती होवो. साहेबांनी ऐकून घेतलं, पण म्हणाले की तुमच्या मेहुण्यांनी लेखी दिलंय, त्यांनी ते मागं घेतलं नाही तर तुम्ही नातं निभावताय असंच लोक समजतील. भावोजींना सांगून आलो, तर ते मलाच रागावले. म्हणतात, दिला शब्द फिरवणार नाही. माझं ते ऐकणार नाहीत. ऐकतील तर फक्त तुझं, म्हणून हे पत्र. रविवारच्या गाडीनं ये. दारात पाऊल टाकल्यावर आधी त्यांच्याशी बोल, सोमवारी त्यांच्याबरोबर जा, आणि खरं काय ते त्यांच्या तोंडून वदवून घे. तू रागानं गेलीस तेव्हा त्यांना अजून घरी बसवलं नव्हतं; ते तुझ्या गाडीला सिग्नल द्यायला मुद्दाम बाहेर येऊन उभे होते. तू खिडकी लावून घेतलीस. त्यांनी शेवटचा डबा जाईपर्यंत हात खाली केला नाही. हे मी पाहिलंय. माझ्याशी पुढं बोलावंसं वाटलं नाही, तर नको बोलूस.

तुझाच,
धाकटा