सगळ्यांना सारखं कोडं

२ ऑगस्ट, अमरावती
टेलिफोन कंपनीचं दुसरं पत्र. आमच्या दारातून पुन्हा लॉटरीच्या नि बियाण्यांच्या जाहिराती गेल्या, एका दिवसात हजारो. थांबलं नाही तर जोडणी तोडणार.
दार म्हणजे खोलीतलं हे एक मशीन. गावोगावच्या वाचनालयांत बसून कोणीही नाव न सांगता मनातलं लिहावं, जीव नकोसा झाला असला तरी, ते आम्हा चौघांच्या फोनवर यावं, उत्तर त्याच पडद्यावर जावं. कुलूप नाही, नोंद नाही. किती सभांत सांगितलं: ज्याला आधी नाव विचारलं जातं, तो निम्मंच सांगतो.
आता त्याच उघड्या दारातून चोर शिरतात नि आमच्या जोडणीवरून भलत्यांच्या फोनवर जाहिराती पाठवतात.

४ ऑगस्ट
रेहाना कॉलेजात शिकवून थेट इथे आली. डबा खाता खाता उपाय सांगितला. दार उघडण्याआधी समोरच्या मशीनला एक कोडं घालायचं, आकड्यांचं. माणसाला काही करायचं नाही. मशीन आकडे लावून लावून बघतं. सुटलं की लिहायची चौकट उघडते. एक निरोप पाठवणाऱ्याला पाच-दहा सेकंद. हजारो पाठवणाऱ्याचं मशीन तिथेच घाम गाळत बसेल.
आवडलं. कोणाला हाकललं नाही, कोणाला नाव विचारलं नाही.
पुढे म्हणाली, "भाऊ, पहिलं कोडं सोपं ठेवू. एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा आलं का मग अवघड करू."
म्हणजे कोण कुठून आलं हे दाराने लक्षात ठेवायचं? नाही. सगळ्यांना सारखं कोडं.
"सारखं म्हणजे बराबर नसते, भाऊ."
वाक्य चांगलं आहे. सभेसाठी टिपून ठेवलं.

११ ऑगस्ट
कोडं लागलं. चोर कमी झाले, गेले नाहीत. रे.ला म्हटलं, अजून कडक कर. केलं. इथल्या नव्या मशीनवर बघितलं, वीस सेकंद. ठीक.

१७ ऑगस्ट, अकोट
जाहिराती पूर्ण बंद. सभा कापसाच्या जिनिंगच्या आवारात. "या दारापुढे पाटील आणि मजूर दोघांना एकच कोडं!" टाळ्या लांबल्या. गळा बसला, पण हुरूप.

२८ ऑगस्ट, अमरावती
रे. सकाळीच आली. चहा नको म्हणाली.
दाराला नावं माहीत नाहीत, पण किती कोडी दिली नि किती सुटून आली, हे ते मोजतं. चोरांची न सुटलेली गठ्ठ्याने असतात. ही वेगळी. रोज एकच. अकरा दिवस, दुपारी दोनच्या जरा पुढे. एकही सुटलेलं नाही.
"दोनले कोणत्या गावची लाईन येते, भाऊ?"
भारनियमनाचं वेळापत्रक माझ्या भिंतीवर असतं. माईक चालायला हवा म्हणून सभा त्यावरून लावतो. बघायची गरज नव्हती. आमच्या वाचनालयांपैकी दोनला फक्त हिवरखेड.
काल बारावं आलं नाही.

२९ ऑगस्ट, हिवरखेड
वाचनालयातलं मशीन मीच दिलेलं, कॉलेजने मोडीत काढलेलं. हार घालून घेतला होता त्या दिवशी. त्याच्याभोवती पडदाही मीच लावून घेतला.
दोनला लाईन आली. पडद्याआड बसलो. पान उघडलं. "थांबा." मशीन गुरगुरत राहिलं. दहा मिनिटं. तीस. अठ्ठेचाळीस. लाईन गेली. परत आली तेव्हा कोडं नवं, पहिल्यापासून.
अकरा दिवस कोणीतरी या खुर्चीवर हे केलं.
सुलोचनाताई, इथल्या ग्रंथपाल, पुस्तकं झटकत होत्या. कोण यायचं, विचारलं.
"मले काय माईत? पडद्याकडे पाहाचं नाही, तुमीच तं सांगतलं होतं."
बाई की माणूस?
"तोंड फिरवून बसो मी. एक डाव खालून चपला दिसल्या. एकीचा अंगठा तारेनं बांधेल होता." मग पुस्तक जागेवर ठेवत, "जाताना मले विचारे कोणी तं सांगतलं असतं ना, भाऊ, का मशीन म्हातारं आहे. पण तिथून उठलेल्या माणसासंग बोलाचं नाही, हे बी तुमचंच."
हो. माझंच.
एसटीत सगळ्यांचे पाय बघत बसलो. अकोट स्टँडवरही. मग लक्षात आलं मी काय करतोय. खिडकीबाहेर बघितलं.

३० ऑगस्ट
काही नाही.

३१ ऑगस्ट
बडनेऱ्याला सभा होती. गेलो, बोललो. काय बोललो आठवत नाही. टाळ्या पडल्या असाव्यात, लोक हात हलवत होते.
कोणी गेल्याची बातमी हिवरखेडहून नाही. असती तरी ती त्याचीच, हे मला कसं

१ सप्टेंबर
कोडं काढूनच टाक, म्हटलं. रे. म्हणाली, मग चार दिवसांत कंपनी दारच बंद करेल, सगळ्यांसाठी. तिचंच पहिल्या दिवशीचं आणलं: पहिलं सोपं, पुढची अवघड. जागा दाराला ठाऊक राहील, एक दिवसापुरती.
म्हणजे मी लोकांना दिलेला शब्द मोडला.
"तुमी भाषण बदला, मी प्रोग्राम बदलते. माह्यं काम लौकर होईन."
हसू यायला हवं होतं.

२ सप्टेंबर
सु.ताईंना फोन. पडदा राहू द्या. तुम्ही स्वतः मशीनला हात लावू नका, म्हणजे कोडं मागितलं गेलं तर कोणीतरी आलंय हे मला कळेल. वाचनालयाच्या दारावर कागद डकवा: आता वेळ लागत नाही. वाचणारा येईल का, विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.
दोन ते चार इथे मशीनपुढे बसलो. कोणी नाही.

३ सप्टेंबर
दीडपासून दाराशी.
२.०० लाईन आली असेल.
२.०९ एक कोडं मागितलं. जागा: हिवरखेड.
२.१० सुटलं. चौकट उघडली.
२.२५ निरोप नाही.
लिहीत असेल. किंवा उठून गेलं असेल. इथून दोन्ही सारखंच दिसतं.
२.४०