बरोबर नंबरचं किट

॥ श्री ॥
गणेशपुरी,
१० मार्च

चि. केसरीनाथास आक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोन असताना पत्र का, म्हणून हसशील. हस. फोनवर तुझं निम्मं बोलणं त्या पार्टच्या दुकानापुढचे ट्रक खातात, उरलेलं माझा डावा कान खातो. आणि आकडे तर फोनवर सांगूच नयेत. मागं मी सदुसष्ट म्हटलं, तू अडुसष्ट ऐकलंस आणि हंड्याएवढा फिल्टर पाठवलास. म्हणून कागदावर लिहून देवेशच्या हातीच देते.

आमचं खोदायचं मशीन बंद पडलंय. पुढच्या बकेटच्या सिलिंडरातून तेल गळतं, माती भरली की बकेट उचलतच न्हाय. आतलं सील किट, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, बदलायचं हाय. गावचं तळं पावसाआधी उपसून देईन असा देवेशनं पंचायतीत शब्द दिलाय, आणि मशीन आंब्याखाली खुडूक कोंबडीसारखं बसलंय. तो म्हणतो, हे जमलं न्हाय तर मशीन विकीन आणि परत काल्हेरला गोडाऊनात ड्युटी धरीन.

केसरी, दाजी गेल्यावर पाच वर्षं पोरगा गोडाऊनात आणि मी ह्या घरात एकटी. मशीन घेतलं तेव्हा कुठं तो घरी आला. आता त्याला पुन्हा जाऊ द्यायची माझ्यात ताकद न्हाय, उघड सांगते. तेवढं किट बघ बाबा.

जुन्या खोक्यावरचा नंबर ७२०/४१४३. सुकट संपलीय, ती मात्र नंबराशिवाय पाठव.

माया आहे तशी असू दे.
तुझी आक्का


॥ श्री ॥
काल्हेर,
१४ मार्च

ती. आक्कास धाकट्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

किट बसलं नाही म्हणून देवेश परत घेऊन आला. दोष तुझ्या मास्तरांचा. तुझा मराठी चार आमच्या काउंटरवर इंग्रजी आठ वाचला गेला. दोन चारांचे दोन आठ झाले आणि भलत्याच मशीनचं किट निघालं. काउंटरवर ऋतिका नावाची नवी मुलगी आहे, पडघ्याची, इंग्रजी शाळेतली. हुशार आहे, पण तुझ्या चाराने तिलाही चकवलं. तिने कान पकडले आणि मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो.

आता तूही शिकून घे, मशीन तुझ्या दारात आहे. पार्टचा नंबर म्हणजे पत्ता. तुमच्या कंपनीचे रेघेआधीचे तीन आकडे म्हणजे गाव, ७२० या गावात सगळी सीलं राहतात. रेघेपुढचे चार म्हणजे घर. आणि शेवटी एखादं इंग्रजी अक्षर असतं, ते लोक हमखास विसरतात. कंपनीने वस्तू सुधारली की ए चं बी होतं. तुमच्या मशीनला बी लागतं. हे ऋतिकाने मशीनच्या पाटीवरच्या सीरियल नंबरवरून काढलं, कारण मॉडेल तेच ठेवून कंपनी मधेच आतला सिलिंडर बदलते. सिलिंडरच्या अंगावर जे उठावाचे आकडे दिसतात त्यांच्या नादी लागू नकोस. ते ओतकामाच्या साच्याचे असतात, त्यावर पार्ट मागवला की फसलीस.

देवेशबरोबर ७२०/४१४३-बी दिलं आहे. हे बसणारच. सुकट आणि वाकट्याही दिल्या आहेत, त्यांना नंबर नाही.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
तुझा केसरी


॥ श्री ॥
गणेशपुरी,
२० मार्च

चि. केसरीनाथास आशीर्वाद. वि. वि.

सुकट झकास. किट न्हाय. देवेश म्हणतो, हेही बसत न्हाय, शेवटचं अक्षर चुकलंय. शनिवारी तुझ्याकडं आला, सोमवारी आला, उद्या पुन्हा येतोय. आणि येताना इस्त्रीचा शर्ट! ग्रीसमध्ये लोळणारा माणूस, पार्ट आणायला इस्त्री कशाला, असं विचारलं तर म्हणाला, मामाच्या दुकानाची इज्जत हाय.

तुझी ती पोरगी पाटी वाचते की कपाळ वाचते? सरपंच दोनदा दारात येऊन गेले. त्याहून वाईट म्हणजे काल देवेशनं माळ्यावरची बॅग खाली काढली. गोडाऊनात ड्युटीला जायचा तीच बॅग. नीट बघून दे रे बाबा, हात जोडते.

धाकटा असलास तरी आधार तुझाच.
आक्का


॥ श्री ॥
काल्हेर,
२३ मार्च

ती. आक्कास सा. न. वि. वि.

ऋतिकाला बोल लावू नकोस. ती प्रत्येक नंबर कंपनीच्या कॅटलॉगशी ताडून बघते. देवेश येतो, मशीनच्या पाटीचा फोटो दाखवतो, ए आणि बी मधला फरक विचारतो, चहा पितो आणि पुन्हा तोच फोटो दाखवतो. मला वाटलं भाचा एवढा अभ्यासू झाला, बरं झालं. पण दुसरं किट देऊ केलं तर तेही नेत नाही, म्हणतो विचार करून सांगतो. आता विचार कसला करायचा त्यात?

आक्का, तू आता नंबर वाचायला शिकली आहेस. मशीनवर चढ, केबिनच्या दाराखालची पाटी बघ, खोक्यावरचं लेबल बघ आणि मला कळव. पडू नकोस म्हणजे झालं.

माया असावी, आणि गुडघे जपावेत.
केसरी


॥ श्री ॥
गणेशपुरी,
२६ मार्च

चि. केसरीनाथास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र देवेशच्या हाती देत न्हाय. गुणाबाई भाजी घेऊन भिवंडीला येते, ती तुला देईल.

देवेश सरपंचांकडं गेला तशी पदर खोचून मशीनवर चढले. बासष्टाव्या वर्षी! सीटच्या मागच्या पेटीत तुझं खोकं सापडलं. चष्मा पुसून वाचलं: सातशे वीस, रेघ, एक्केचाळीस त्रेचाळीस, आणि शेवटी बी. पाटीवरचा सीरियल नंबरही तू पाठवलेल्या पावतीवरचाच. सगळं बरोबर. आणि खोकं उघडलेलंसुद्धा न्हाय रे! वरची पट्टी जशीच्या तशी.

पोरगा माझ्याशी खोटं बोलतोय. त्याला तळं नको, मशीन नको, काल्हेर हवंय. आईजवळ राहायचं न्हाय हे तोंडावर सांगता येत न्हाय म्हणून मशीन मुद्दाम बसवून ठेवलंय. चुलीपुढं बसून रडले. रडून झाल्यावर भात लावला, कारण तो जेवायला यायचा होता. त्याला मी काहीच बोलले न्हाय. तूच विचार आणि जे असेल ते खरं खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

आक्का


॥ श्री ॥
काल्हेर,
२९ मार्च

ती. आक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि.

आधी डोळे पूस. मग पुढचं वाच.

देवेशला चहाच्या टपरीवर नेऊन कान धरला. लाल झाला आणि मग म्हणाला, मामा, किट बसलं तर विषयच संपला, मग तिच्याशी बोलायचं काय? तिच्याशी म्हणजे ऋतिकाशी गं! दहा टनी मशीन चालवतो आणि एका मुलीपुढे पार्ट नंबराशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. बॅगेचं विचारलं, तर त्यात चांगले शर्ट होते म्हणे. गोडाऊनात परत जायचं आता त्याच्या मनातही नाही. तुझ्याशी खोटं बोललो याची त्याला लाज वाटते आहे. माझ्यापुढे डोळ्यांत पाणी आणलं त्याने.

ऋतिकाला विचारायला मी जरा बिचकलो. तर ती म्हणाली, तिला दुसऱ्या फेरीलाच कळलं होतं. ए आणि बी चा फरक चारदा कोण विचारतं? पण ती दर वेळी वेगळं काहीतरी सांगत राहिली, विषय संपू नये म्हणून. दोघंही सारखेच, काय करायचं! वडिलांचं पडघ्याला हायवेला गॅरेज आहे. तिथे पार्ट्सचं छोटं काउंटर टाकावं असं तिच्या मनात फार दिवस आहे. काल्हेरचा धूर तिलाही नको झालाय.

आता तूच सांग, नंबर बरोबर आहे ना?

लोभाबरोबर थोडे वालही धाड.
केसरी


॥ श्री ॥
गणेशपुरी,
२२ एप्रिल

चि. केसरीनाथास भरभरून आशीर्वाद. वि. वि.

मशीन चाललंय. किट बसवायला देवेशला अर्धा दिवससुद्धा लागला न्हाय, गुलाम कुठला! तळं निम्मं उपसून झालं. गाळ शेतात पसरायला अख्खा गाव लोटलाय. सरपंच त्याला हाका मारमारून चहा पाजतात.

रविवारी ऋतिका आईबरोबर येऊन गेली. पोरगी गोड हाय. आमटी दोनदा घेतली, चुलीपाशी येऊन बसली, तुम्हाला मशीनवर चढलेलं बघायचं होतं, म्हणाली. लग्न दिवाळीनंतर करू या, असं दोन्हीकडून ठरतंय. देवेश हितंच राहणार आणि ती पडघ्याला जाऊन-येऊन दुकान बघणार. मला आणखी काय हवं?

पण तुला म्हणून लिहिते. रात्री पडल्यावर तुझी शिकवणी आठवली. बी आलं की ए बंद. ह्या घरातली ए म्हणजे मी रे. नवा नंबर माझ्या जागी बसला की जुन्याचं काय करता तुम्ही दुकानवाले? भंगारात? हसत लिहितेय, पण उत्तर दे.

वाल पाठवलेत, निवडून घे.
तुझी आक्का


॥ श्री ॥
काल्हेर,
२५ एप्रिल

ती. आक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र काउंटरवर उघडलं आणि ऋतिकाने वाचलं. रागावू नकोस, तिनेच हट्टाने मागून घेतलं. वाचून पत्राची नीट घडी घातली. मग म्हणाली, आक्कांना कळवा, बंद झालेला नंबर कॅटलॉगमधून कधीच काढत नाहीत. नवा पार्ट शोधायचा तर आधी जुनाच नंबर घालावा लागतो, तोच नव्याची वाट दाखवतो. जुना पुसला तर नवा कुणाला सापडायचाच नाही.

मी एवढी वर्षं पार्ट विकतो, पण मला हे असं सांगता आलं नसतं. मीही डोळे पुसले, कॉम्प्रेसरच्या मागे जाऊन.

दिवाळीनंतर ती तुझ्याकडे मराठी आकडे शिकणार आहे. सुरुवात चारापासून.

बाकी क्षेम. लोभ जुन्याच नंबरावर चालू ठेवावा.
तुझा केसरी