पाण्याखाली सोडलेल्या गाठी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा तळ्यात बुडालेल्यांना वर काढण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, शुद्धीत राहून लिहीत आहे. नशापाणी केलेले नाही. संतापलेला आहे, पण संताप म्हणजे वेड नव्हे, असे वकीलसाहेब म्हणतात.

१. राहते घर मागच्या पडवीसह माझ्या मुलीला. पडवीतली शिडी चुलतभावाने सहा वर्षांपूर्वी नेली, ती त्यालाच लखलाभ.

२. बँकेतली ठेव मासेमाराच्या बायकोला आणि पाणीमोजणी कारकुनाच्या आईला, निम्मी निम्मी. मासेमार धक्क्यावरची जागा सोडत नव्हता. माझ्या धाकट्या भावाला तिथे लाँच लावायची होती. भाऊ तळे बुजवून बंगले बांधतोय, हे कारकुनाने वहीत लिहिले. दोघेही एकाच वर्षात बुडाले आणि दोघांनाही मीच वर आणले. त्यांच्या पायाला दोरी होती, दोरीला दगड. आम्हा पाणबुड्यांची रीत अशी की गाठ खालीच सोडायची, नाहीतर दगडाच्या ओढीने आपणही तळाशी राहतो. मी सोडली. ती गाठ आम्हा भावांना वडिलांनी शिकवलेली. भाऊ डावखुरा, म्हणून त्याची उलटी बसते. अंधाऱ्या पाण्यातही बोटांनी ती ओळखली. तरी सख्खा भाऊ म्हणून मी मूग गिळून बसलो. थू माझ्या जिंदगानीवर!

३. बुडी मारतानाची माझी सुरी आणि शिशाचा पट्टा अग्निशमन दलाच्या पाणबुड्याला. त्याने गाठ कधी सोडू नये, दोरी कापावी आणि गाठ वर आणावी. मला हे फार उशिरा सुचले, तिसऱ्या वेळी. तिसरा माझा जावई. तो कारकुनाची वही घेऊन तक्रार करायला निघाला होता. मी दोरी कापली आणि गाठ सदऱ्यात कोंबली. काठावर भावाने मला टॉवेल दिला आणि हळूच विचारले, "दादा, दोरी सोडलीस ना?" तोवर दोरीबद्दल मी एकाही जिवंत माणसाशी बोललो नव्हतो. माझ्या सवयीच्या जोरावर त्याने तीन माणसे मारली होती.

त्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, ते तर तळं आरपार पोहायचे. ते बुडतील कसे?" मी म्हणालो, नशीब. तेव्हापासून चार वर्षे तिने माझा उंबरा ओलांडलेला नाही. बरोबर केले.

४. ती गाठ आणि माझा सविस्तर जबाब, मोहोरबंद, मुलीला. माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. आज सह्या झाल्या की तिने थेट जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत जावे. ती इथे वकिलांच्या मागच्या खोलीत बसली आहे. अजून माझ्याकडे पाहत नाही.

५. भावाला काहीही नाही. एक तर त्याची लायकी नाही. दुसरे म्हणजे ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा कायदा आहे. म्हाताऱ्याला भ्रम झालाय, असे तो गावभर सांगत सुटला आहे. आज निरोप पाठवला, घराचा कागद आहे, सहीला ये. लगेच आला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, आणि त्याला घाई आहे.

ठिकाण: वकिलांची कचेरी, पहिला मजला. शुक्रवार, ९ मार्च, सकाळी अकरा.

लिहून देणार: (सही)

लिहून देणाऱ्याने आमच्यासमोर सही केली. तो पूर्ण शुद्धीत असून त्याची बुद्धी शाबूत आहे, याची आम्ही खात्री देतो.

साक्षीदार १: दवाखान्याचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २: लाँचवाला, लिहून देणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ (सही)